खाणीतला कडा आणि मुलांची बोटे

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात, स्टोनी मिडलटन गावाजवळ, हॉर्सशू नावाची चुनखडीची जुनी खाण आहे. तेथील दगड काढणे केव्हाच थांबले. आज तिच्या कड्यांत बोल्ट ठोकलेले असून, दोराच्या आधाराने तेथे प्रस्तरारोहण चालते. खाणीची मालकीही गिर्यारोहकांच्याच संस्थेकडे, ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिलकडे आहे. २०२१ साली पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकपासून या खेळाची ओढ आपल्या मुलांनाही लागली आहे. कोणी परदेशात शिकताना अशा खाणीत जाते, तर कोणी आपल्याच शहरातील कृत्रिम भिंतीवर चढते.

व्यायाम म्हणून प्रस्तरारोहण उत्तमच. पाय, पाठ, पोट आणि हात एकाच वेळी काम करतात. तोल व एकाग्रता वाढते. पालकांना भीती वाटते ती उंचीची. तथापि आपण लक्ष ठेवावे ते डोक्यावर आणि बोटांवर.

सुटा दगड

निसर्गाने घडवलेल्या कड्यावरील सैल दगड ऊनपावसाने बरेचसे गळून गेलेले असतात. खाणीचा कडा मात्र सुरुंगाने फोडलेला असतो. त्यातील भेगांत पाणी शिरते, हिवाळ्यात गोठते आणि त्या रुंदावतात. म्हणून हेल्मेट चढणाऱ्याइतकेच खाली दोर धरून उभ्या असलेल्यालाही आवश्यक आहे.

बोटांचे गणित

बोटे वाकवणारे मुख्य स्नायू कोपराखालच्या हातात असतात. त्यांच्या दोऱ्यांसारख्या कंडरा बोटांतील कड्यांमधून ओवलेल्या असतात. अरुंद खाचेवर बोटे दुमडून भार घेतला की या कड्यांवर मोठा ताण येतो. स्नायू काही आठवड्यांत बळावतात. कंडरा व कड्यांना अनेक महिने लागतात. उत्साह आणि इजा यांची गाठ येथेच पडते.

वाढत्या वयात आणखी एक नाजूक जागा असते, ती म्हणजे हाडाच्या टोकाजवळची वाढीची कूर्चा. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांत अतिताणाने तेथे बारीक भंग होऊ शकतो. बहुधा मधल्या बोटाच्या मधल्या सांध्याच्या पाठीमागे दुखते. ‘मुरगळले असेल’ म्हणून घरोघरी तेल चोळले जाते, बोट ओढले जाते. असे करू नका. चढाई त्वरित थांबवा आणि डॉक्टरांना दाखवताना मूल प्रस्तरारोहण करते हे आवर्जून सांगा. पहिल्या एक्स-रेत काही दिसले नाही, तरी दुखणे टिकल्यास पुन्हा तपासणी करून घ्या. वेळीच विश्रांती मिळाल्यास हाड सहसा भरून येते. दुर्लक्ष झाल्यास बोट कायमचे वाकडे वा ताठ राहू शकते.

घरच्यांसाठी

- लागोपाठ दोन दिवस कठीण चढाई नको.
- वाढत्या वयात केवळ बोटांवर लटकण्याचे व्यायाम टाळावेत.
- प्रत्येक चढाईपूर्वी जोडीदाराने गाठ व हार्नेस तपासावा.
- गावाबाहेरील ओसाड खाण म्हणजे चढाईचे मैदान नव्हे. तेथे बोल्ट नसतात, देखरेख नसते आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्याचा ठाव लागत नाही.

मूल सरावाहून परतले की किती उंच चढलास, हे जरूर विचारा. पण त्याआधी बोटे दुखतात का, हे विचारा. संघातली जागा जाईल या धास्तीने मुले हे दुखणे स्वतःहून सांगत नाहीत.