गाजर गवत, तरोटा आणि मेक्सिकन भुंगेरा

मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील रस्त्यांच्या कडा, गावठाणाच्या मोकळ्या जागा, पडीक वावरे आणि शेताचे बांध हिरवे दिसू लागतात. दुरून पाहणाऱ्यास ही हिरवळ समाधान देते. परंतु जवळ जाऊन पाहिल्यास तिचा पुष्कळसा भाग गाजर गवताच्या रोपांनी व्यापलेला असतो. जमिनीलगत चक्राकार पसरलेली, गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली ही पाने गुरे सहसा खात नाहीत. चार ते सहा आठवड्यांत मधून खोड वर येते, त्यावर बारीक पांढरी फुले लागतात, आणि तेथून पुढे हे तण शेतकऱ्याच्या हाताबाहेर जाते. काँग्रेस गवत, पांढरी फुली, चटकचांदणी अशी त्याची निरनिराळी नावे आहेत.

हे तण या भूमीतील नव्हे. त्याचे मूळ स्थान मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा अमेरिकेचा उष्ण प्रदेश होय. पुण्यात कचऱ्याच्या ढिगाऱ्यांवर उगवलेली त्याची तुरळक झाडे १९५१ साली प्रा. परांजपे यांच्या दृष्टीस पडली, आणि १९५६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातील नवी वनस्पती म्हणून त्याची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर हे बी आले, अशी समजूत खेडोपाडी रूढ आहे. ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. तथापि ज्या पी. एल. ४८० कराराचे नाव या संबंधात घेतले जाते तो करार ऑगस्ट १९५६ मधील आहे, आणि पुण्यातील झाडे त्याआधीच दिसली होती. एकोणिसाव्या शतकातील काही नोंदीही मागाहून उजेडात आल्या. तेव्हा बी एकदाच व एकाच वाटेने आले असे मानण्याचे कारण नाही. आज हे तण देशातील बहुतेक सर्व राज्यांत पसरले आहे.

त्याच्या जोमाचे रहस्य बियांच्या संख्येत आहे. प्रत्येक बारीक फुलाच्या कडेस पाचच पाकळ्यांसारखी फुले असतात व त्या प्रत्येकीपासून एक, म्हणजे एका फुलोऱ्यातून पाच बिया मिळतात. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु एका जोमदार झाडावर हे फुलोरे हजारोंनी असतात आणि अशा झाडापासून १५,००० ते २५,००० बी तयार होते. बी अत्यंत हलके असल्यामुळे वारा, पाण्याचे ओघळ, जनावरांचे खूर, बैलगाडीची व ट्रॅक्टरची चाके आणि कडब्याच्या पेंढ्या या सर्वांबरोबर ते प्रवास करते. मातीत गाडले गेलेले बी कित्येक वर्षे जिवंत राहते. वर पडलेल्या बियांना मात्र विश्रांतीची गरज नसते. ओल मिळाली की ती उगवतात, मग महिना जूनचा असो वा पाटाच्या पाण्याखालील जानेवारीचा असो. ऊस, भाजीपाला व फळबागा यांच्या बांधांवर हे तण बाराही महिने दिसते ते यामुळेच.

याखेरीज या झाडाच्या पानांत व इतर भागांत पार्थेनिन नावाचे विषारी द्रव्य असते. ते पावसाच्या पाण्याबरोबर मातीत उतरते आणि शेजारच्या रोपांची उगवण व वाढ मंदावते. प्रयोगांत असेही दिसून आले की, याचे परागकण टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या फुलांवर पुष्कळ प्रमाणात बसले असता फळधारणा कमी होते. माणसांना होणारा त्रास तर सर्वपरिचित आहे. पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञांनी १९६८ पासून या गवताच्या संसर्गाने होणाऱ्या त्वचारोगाची माहिती प्रसिद्ध केली. चेहरा, मान, हातांचे उघडे भाग यांवर खाज सुटून कातडी जाड व काळी होते. काहींना दम्याचाही त्रास होतो. एकदा शरीरास याचे वावडे जडले म्हणजे पुढे थोड्याशा स्पर्शानेही रोग उलटतो. म्हणून खुरपणीस जाणाऱ्या स्त्रियांपैकी ज्यांना अशी खाज सुटते, त्यांना या तणाच्या कामावर पुन्हा लावू नये.

सूर्यफुलाचे पीक ज्यांनी घेतले आहे त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. १९९७ पासून दक्षिण भारतात सूर्यफुलावर ‘नेक्रोसिस’ नावाचा रोग मोठ्या प्रमाणावर दिसू लागला. पाने, देठ व शेंडा करपून झाड वाकडे होते व बी भरत नाही. या रोगाचे कारण टोबॅको स्ट्रीक नावाचा विषाणू आहे. हाच विषाणू गाजर गवतातही राहतो, परंतु त्यावर रोगाचे कोणतेही चिन्ह दिसत नाही. त्याच्या परागकणांत विषाणू असतो. फुलकिडे ते परागकण अंगावर घेऊन सूर्यफुलाच्या पानांवर येतात, पान खरवडून रस शोषतात, आणि त्या जखमेतून विषाणू आत शिरतो. शेतात औषध फवारून फुलकिडे मारले, पण बांधावरचे फुललेले गाजर गवत तसेच ठेवले, तर रोगाचे कोठार शेताच्या कडेलाच उभे राहते.

आता प्रश्न असा की, मेक्सिकोत हे गवत इतके का माजत नाही? तेथे त्यावर उपजीविका करणारे अनेक कीटक व रोग आहेत. भारतात ते एकटेच आले, त्याचे शत्रू मागे राहिले. ही उणीव भरून काढण्यासाठी बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने १९८३ साली मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचा भुंगेरा आणला. परदेशातून कीटक आणणे ही जोखमीची गोष्ट होय, म्हणून के. पी. जयंत व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम निरनिराळ्या पिकांवर त्याची परीक्षा घेतली आणि तो गाजर गवतावरच जगतो अशी खात्री झाल्यावर १९८४ साली तो मोकळा सोडला. तेथून तो आपल्या आपण दूरवर पसरला. २००३ साली तो पाकिस्तानातही आढळला.

हा भुंगेरा सुमारे सहा मिलिमीटर लांब, पिवळसर पांढऱ्या रंगाचा व पाठीवर काळपट तपकिरी उभ्या नागमोडी रेषा असलेला असतो. मादी पानाच्या खालच्या बाजूस अंडी घालते. चार ते सात दिवसांत अळ्या बाहेर पडून कोवळा शेंडा व बगलेतील कळ्या खातात. हेच त्यांचे खरे काम होय, कारण शेंडा खाल्लेल्या झाडास फूल येत नाही. दहा-पंधरा दिवसांनी अळी जमिनीत शिरून कोष करते. अशा रीतीने एका महिन्यात एक पिढी पुरी होते. ज्या ठिकाणी त्यांची संख्या पुरेशी वाढते तेथे झाडांचे केवळ खराटे उरतात.

१९९० नंतरच्या काही वर्षांत कर्नाटकात हा भुंगेरा सूर्यफुलावर दिसल्याची तक्रार झाली, आणि शेतकऱ्यांत घबराट उत्पन्न झाली. ही घबराट अकारण नव्हती. उत्तर अमेरिकेत याच कुळातील दुसरी जात सूर्यफुलाची कीड म्हणून प्रसिद्ध आहे. केंद्र शासनाने चौकशी समिती नेमली व संशोधकांनी नव्याने प्रयोग केले. त्यांत असे आढळले की, शेजारच्या गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडलेले असतील तेव्हा त्यांच्या वासाने फसून भुंगेरा ती पाने थोडीफार कुरतडतो. परंतु सूर्यफुलावर त्याची पिढी वाढत नाही. म्हणजे दोष येथेही फुलावर आलेल्या गाजर गवताकडेच जातो. यास्तव भुंगेरा दिसताच कीटकनाशक फवारण्याची घाई करू नये. बांधावरील गाजर गवतावर रेषांचे भुंगेरे दिसले, तर शेतकऱ्यास ते ओळखून दाखविणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्याचे पहिले काम होय.

तथापि भुंगेऱ्यावर सर्व भार टाकून स्वस्थ बसणे धाराशिवसारख्या जिल्ह्यात चालणार नाही. हा कीटक पावसाबरोबर जमिनीतून वर येतो आणि साधारणतः नोव्हेंबरपासून पुन्हा जमिनीत शिरून निद्रिस्त होतो. बालाघाटाच्या या पठारावर पाऊस मुळात बेताचा व लहरी आहे. मृग कोरडा गेला तर भुंगेरा उशिरा येतो. पाण्याखालच्या बांधावरचे गवत मात्र त्याची वाट पाहत नाही. तेरणा, मांजरा यांच्या काठच्या बागायती गावांत रब्बीत जे गाजर गवत माजते ते माणसालाच काढावे लागते. भुंगेरे नसलेल्या गावी ते न्यावयाचे असल्यास जुलै-ऑगस्टमध्ये, जेथे ते विपुल आहेत तेथून पाचशेच्या आसपास प्रौढ भुंगेरे छिद्रे पाडलेल्या डब्यात पाल्यासह आणून एकाच जागी सोडावेत. ती जागा दोन-तीन वर्षे नांगरू अथवा पेटवू नये, कारण पुढील वर्षाचे भुंगेरे तेथेच मातीत निजलेले असतात.

येथील जुन्या वनस्पतीही या कामी उपयोगी पडतात, ही गोष्ट संशोधनाने अलीकडे पुढे आणली असली तरी जाणत्या गुराख्यास ती अपरिचित नसावी. गाजर गवत उघड्या, तुडविलेल्या व अति चराई झालेल्या जमिनीवर माजते. मारवेल, पवना, कुसळी यांचा गवताळा दाट असेल तेथे त्याच्या रोपांना ऊन मिळत नाही. जिल्ह्याची ख्याती उस्मानाबादी शेळीमुळे आहे. परंतु शेळ्या-मेंढ्या व गुरे गायरानावरील सारे चांगले गवत खातात आणि हे एकच शिल्लक ठेवतात, त्यामुळे चराई जितकी अधिक तितकी त्याची वाट मोकळी. गायरानाचा एक भाग पावसाळ्यात चराईस बंद ठेवला तर गवत पुन्हा उठते आणि गाजर गवत मागे हटते.

मोकळ्या जागांसाठी तरोटा, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातील टाकळा, उत्तम होय. पहिल्या पावसात ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी घरोघर होते तोच हा. तो झपाट्याने वाढून दाट सावली करतो व गाजर गवताच्या रोपांना दाबून टाकतो. तरवडाशी त्याचा घोटाळा करू नये. तरवड हे मोठ्या पिवळ्या फुलांचे बहुवर्षायू झुडूप आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तरोट्याच्या शेंगा वाळल्या की बी गोळा करावे आणि एप्रिल-मे महिन्यांत, पावसापूर्वी, गाजर गवताच्या जागी फोकून द्यावे. हे काम शाळेतील मुलेही करू शकतात.

येथे एक सावधगिरी हवी. १९८० नंतरच्या दशकात धारवाडच्या बाजूस तरोट्याचाच एक अमेरिकी भाऊबंद गाजर गवतास हटवितो असे दिसून आले व त्याची पुष्कळ प्रशंसा झाली. तो गाजर गवतास हटवितो हे खरे. पण नंतर तो स्वतःच रस्त्यांच्या कडांनी पसरत गेला. एक पाहुणा घालविण्यासाठी दुसरा पाहुणा घरात घेणे फारसे शहाणपणाचे नाही. ओळख सोपी आहे : तरोट्याच्या शेंगा वीतभर लांब, बारीक व वाकलेल्या असतात, परदेशी जातीच्या शेंगा दोन-तीन बोटे लांब, सरळ असतात आणि खोडावर तांबूस लव असते. बी गोळा करताना शेंग पाहूनच घ्यावे.

उपटणीसंबंधी एवढेच सांगावयाचे की, वेळ चुकली तर श्रम वाया जातात. पावसाने जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वी, मुळासकट उपटावे. वरून कापलेले झाड बुडख्यापासून पुन्हा फुटते. बी धरलेले झाड उपटून बांधावरच टाकणे म्हणजे पेरणीच होय. हातमोजे नसल्यास हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवावी आणि तोंडास फडके बांधावे. फुलांपूर्वी उपटलेल्या गवताचे कंपोस्ट चांगले होते व ते शेणकाल्यासह खड्ड्यात थर देऊन करावे. यवतमाळच्या नारायणराव पांढरीपांडे यांच्या नाडेप टाक्याही उपयोगी आहेत. परंतु उघड्या टाक्याच्या कडेस पुरेशी उष्णता निर्माण होत नाही आणि तेथे पक्व बी जिवंत राहते. म्हणून फुलावर आलेला माल टाक्यात घालू नये. रस्त्याच्या कडेस मिठाचे दाट पाणी फवारण्याची शिफारस कोठे कोठे केली जाते; त्याने झाडे करपतात, पण जमीनही खारावते, म्हणून शेताच्या बांधावर हा उपाय योजू नये.

जबलपूर येथील तण संशोधन निदेशालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. परंतु चांगल्या पावसाच्या वर्षी जूनमध्ये उगवलेले गवत त्या सुमारास फुललेले असते. यास्तव जिल्ह्यातील गावांनी उपटणीचा पहिला दिवस जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, गाव एक करून, शाळा, पाणवठा व गावठाण यांपासून ठरवावा, आणि ऑगस्टचा सप्ताह दुसऱ्या फेरीसाठी ठेवावा. रब्बीच्या पाण्यानंतर बागायती बांधांवर तिसरी फेरी करावी लागते. ती ज्याच्या त्याच्या शेतकऱ्याने करावयाची आहे.