दिवा इंजिनाचा, दोष रिलेचा!

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा पेटला, की वाहनमालकाच्या काळजात धस्स होते. गाडी चालत असते, इंजिनाचा आवाजही नेहमीसारखाच असतो. पण दिवा काही विझत नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक उमटतो आणि 'ऑक्सिजन सेन्सर गेला आहे' असे निदान होते. काही हजार रुपयांचा सेन्सर बदलला जातो. आठवडाभराने दिवा पुन्हा पेटतो. मग गोष्ट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जाते आणि खर्चाचा आकडा दहा-वीस हजारांच्या घरात पोहोचतो. अशा अनेक प्रकरणांत खरा गुन्हेगार फ्यूज बॉक्समध्ये बसलेला, काड्यापेटीहूनही लहान आणि काहीशे रुपयांत मिळणारा एक रिले असू शकतो.

वसई-विरारच्या वाहनधारकांनी हा विषय समजून घेण्यास विशेष कारण आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि मधोमध मिठागरांची खाजण जमीन, अशी या भागाची रचना. येथील हवेत ओलावा आणि क्षार दोन्ही मुबलक. त्यात पावसाळ्यात पाणी तुंबण्याचे दुखणे. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा आणि विरारचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता आणि रेल्वे वाहतूकही ठप्प झाली होती. पाणी ओसरल्यावर गाडीच्या गाद्या वाळतात, इंजिनही सुरू होते. परंतु विजेच्या जोडण्यांच्या पितळी पत्त्यांवर सुरू झालेली गंजण्याची क्रिया थांबत नाही. तिचे परिणाम कित्येक महिन्यांनी दिसू लागतात.

रिले म्हणजे काय?

रिले हा विजेने चालणारा स्विच. अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५च्या सुमारास या तत्त्वाचा वापर केला आणि पुढे तारयंत्रात दूरवरचे क्षीण संदेश पुढे ढकलण्यासाठी तो रूढ झाला. मोटारीतही त्याचे काम तेच आहे. इंजिनाच्या संगणकाला मोठा विद्युतप्रवाह थेट हाताळणे परवडत नाही. म्हणून तो रिलेच्या बारीक तारेच्या वेटोळ्यातून अल्पसा प्रवाह सोडतो. वेटोळ्याचा रोध ८० ओहम असेल, तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर हा प्रवाह जेमतेम ०.१५ अँपिअर भरतो. त्याने वेटोळ्याचे लोहचुंबक होते, ते एक पाती खेचते, संपर्कबिंदू जुळतात आणि मोठ्या प्रवाहाची वाट मोकळी होते. 'टक्' असा जो आवाज येतो, तो या पातीचा.

साध्या रिलेला चार पाय असतात. त्यांवर बहुधा ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे कोरलेले आढळतात. ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची दोन टोके. ३० क्रमांकावर बॅटरीचा पुरवठा येतो आणि ८७ मधून तो पुढे जातो. एवढे लक्षात ठेवले, तरी निदानाची निम्मी लढाई जिंकली.

प्रदूषणाशी संबंध कसा?

भारतात १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवण्यास सुरुवात झाली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ मानके लागू झाली. कन्व्हर्टर धुरातील कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतो. मात्र तो नीट चालण्यासाठी पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण वजनाने साधारण १ : १४.७ असे राखावे लागते. हे प्रमाण ऑक्सिजन सेन्सरच्या संकेतावरून संगणक क्षणोक्षणी ठरवतो.

येथेच खरी मेख आहे. रूढ प्रकारचा ऑक्सिजन सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय विश्वसनीय संकेत देत नाही. म्हणून त्याच्या पोटात विजेवर चालणारा एक छोटा हीटर बसवलेला असतो. इंजिन सुरू होताच तो सेन्सरला लवकर तापवतो. अनेक गाड्यांत या हीटरला आणि त्यासोबत इंधनाच्या टाकीतील वाफा इंजिनात सोडणाऱ्या पर्ज झडपेला वीज एकाच रिलेतून मिळते. तो रिले रुसला, की हीटर थंड, सेन्सर मुका आणि संगणक अंदाजाने पेट्रोल सोडणारा. परिणामी इंधन जास्त जळते, धूर वाढतो आणि कन्व्हर्टरवर ताण पडतो.

लांबच्या प्रवासात गरम धुरामुळे सेन्सर कालांतराने आपोआप तापतो आणि दोष झाकला जातो. परंतु विरार किंवा नालासोपाऱ्यात ज्यांची गाडी मुख्यतः घर ते रेल्वे स्थानक आणि परत एवढीच धावते, त्यांचे इंजिन पुरेसे तापण्याआधीच बंद होते. अशा छोट्या फेऱ्यांत हीटरचेच महत्त्व सर्वाधिक, आणि तो बंद पडल्याचे नुकसानही सर्वाधिक.

पीयूसी चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे सर्व आलबेल, हा समजही येथे फसवा ठरतो. बीएस ४ पेट्रोल मोटारीसाठी इंजिन मंद गतीवर असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत असावे लागते. ही मोजणी तापलेल्या इंजिनावर होते. त्या वेळी सेन्सर धुरानेच गरम झालेला असतो. रोज सकाळी पहिल्या काही मिनिटांत गाडी काय ओकते, ते पीयूसीच्या कागदावर उमटत नाही. ते सांगण्याचे काम डॅशबोर्डवरील दिव्याचे आहे.

निदान कसे करावे?

पहिली पायरी वाचनाची. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे ओबीडी सॉकेट असते. तेथे स्कॅनर जोडून सर्व सांकेतिक क्रमांक कागदावर लिहून घ्यावेत. लगेच पुसून टाकू नयेत. पी ०१३५ म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरच्या हीटरचे सर्किट, पी ०१४१ म्हणजे नंतरच्या सेन्सरच्या हीटरचे, पी ०४४३ म्हणजे पर्ज झडपेचे सर्किट आणि पी ०६८५ म्हणजे संगणकाला वीज देणाऱ्या मुख्य रिलेचे नियंत्रण. या वर्णनांतील 'सर्किट' हा शब्द महत्त्वाचा आहे. संगणक 'या वाटेवर काहीतरी बिघडले आहे' एवढेच सांगतो. कोणता भाग बदला, हे तो सांगत नाही.

दुसरी पायरी तर्काची. एकटाच पी ०१३५ आला असेल, तर संशय त्या सेन्सरवर आणि त्याच्या वायरवर घ्यावा. पण दोन्ही हीटरचे आणि पर्ज झडपेचे क्रमांक एकाच वेळी आले असतील, तर तीन वेगवेगळे भाग एकाच दिवशी मेले असे मानणे शहाणपणाचे नाही. घरातील तीन दिवे एकदम गेले तर आपण तीन बल्ब आणायला धावत नाही, आधी फ्यूज पाहतो. येथेही तिघांचा सामाईक पुरवठा, म्हणजे फ्यूज आणि रिले, आधी तपासावा.

तिसरी पायरी फ्यूजची. फ्यूज उडालेला असेल, तर तो का उडाला याचा शोध घ्यावा. हीटरची वायर सायलेन्सरच्या नळीला चिकटून जळाली, किंवा स्टिल्टमधील पार्किंगमध्ये उंदराने कुरतडली, तरी असे होते. जास्त अँपिअरचा फ्यूज घालून वेळ मारून नेणे म्हणजे आगीला आमंत्रण.

चौथी पायरी रिलेची. इग्निशन चालू करताना रिलेवर बोट ठेवले असता 'टक्' जाणवली, तर वेटोळे आणि त्याचे नियंत्रण ठीक आहे. 'टक्' नसेल, तर ८५ आणि ८६ या दोन टोकांना वीज आणि अर्थिंग पोहोचते का, ते मल्टिमीटरने पाहावे. पोहोचत असूनही रिले गप्प असेल, तर तो निकामी. पोहोचत नसेल, तर रिले निर्दोष. दोष वायरमध्ये किंवा संगणकाकडून येणाऱ्या आज्ञेत. फ्यूज बॉक्समध्ये त्याच पार्ट नंबरचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, असेल तर अदलाबदल करून पाहता येते. दोष हॉर्नकडे सरकला, तर निदान पक्के. मात्र केवळ दिसायला सारखा म्हणून कोणताही रिले बसवू नये. पायांची मांडणी किंवा आतील डायोड वेगळा असू शकतो.

'टक्' पुरेशी नाही

सर्वाधिक फसगत पुढच्या टप्प्यावर होते. पाती हलते, 'टक्' येते, मीटरही ८७ क्रमांकावर १२ व्होल्ट दाखवतो; तरी हीटर तापत नाही. कारण संपर्कबिंदूंवर काजळी किंवा हिरवट गंज साठलेला असतो. समजा, या गंजाचा रोध १ ओहम आहे आणि हीटरचा ६ ओहम. दोन्ही मिळून ७ ओहममधून १.७ अँपिअर प्रवाह वाहील आणि हीटरला १२ ऐवजी १०.३ व्होल्टच मिळतील. त्याची उष्णता देण्याची शक्ती २४ वॉटवरून साधारण साडेसतरा वॉटवर येईल. पण हीटरचा प्लग काढून मीटर लावला, तर मीटरमधून जवळजवळ प्रवाहच वाहत नाही, म्हणून तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. त्यामुळे ही तपासणी नेहमी भार जोडलेला असताना करावी. हीटर चालू असताना मीटरचे एक टोक ३० वर आणि दुसरे ८७ वर ठेवावे. तेथे व्होल्टचा एखादा-दुसरा दशांश दिसला तर ठीक. एक-दीड व्होल्ट दिसला, तर गंज पकडला गेला.

रिले बाहेर काढल्यावर त्याच्या खोबणीतील पत्त्याही पाहाव्यात. त्या सैल किंवा हिरव्या पडल्या असतील, तर नवा रिलेही महिनाभरातच रुसेल. बाहेरून सीएनजी किट बसवलेले असल्यास त्याच्या वायरी मूळ वायरिंगला कुठे जोडल्या आहेत, तेही तपासावे. नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडात पावसाळी ओल हमखास शिरते.

याच्या उलट दोषही संभवतो. संपर्कबिंदू एकमेकांना वितळून चिकटले, तर रिले बंदच होत नाही आणि रात्रभरात बॅटरी उतरते. रोज सकाळी बॅटरी निपचित पडत असेल, तर नवी बॅटरी घेण्यापूर्वी रिलेकडेही पाहावे.

महामार्गावरील जड वाहने

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून धावणाऱ्या बीएस ६ डिझेल ट्रक आणि बसमध्ये युरियाचे द्रावण धुरात फवारणारी यंत्रणा असते. हे ३२.५ टक्क्यांचे द्रावण उणे ११ अंशांना गोठते, म्हणून अनेक वाहनांत त्याच्यासाठी हीटर आणि त्याचे रिले दिलेले असतात. वसईत पारा तेवढा कधीच उतरत नाही. तरीही ते सर्किट तुटले, तर संगणक दोष नोंदवू शकतो, कारण हवामान कसेही असले तरी तो सर्किट तपासतो. उपयोग नसलेल्या भागाचा दोष म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये. प्रदूषण नियंत्रणाचे काही दोष दीर्घकाळ तसेच राहिल्यास अशा वाहनांची ताकद संगणक आपणहून कमी करतो आणि घाटात भरलेली गाडी अडकते.

वाहनमालकाने काय करावे?

दिवा स्थिर असेल, तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल, तर इंजिनात इंधन नीट जळत नसून कन्व्हर्टर जळण्याचा धोका आहे, असे समजून गाडी थांबवावी. मेकॅनिकने सेन्सर बदलण्यास सांगितले, तर तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत : किती क्रमांक आले? फ्यूज आणि रिले तपासले का? हीटरच्या प्लगवर भार असताना किती व्होल्ट मिळाले? जाणत्या वायरमनला हे प्रश्न आवडतील. ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्याकडून महाग भाग बदलून घेण्याची घाई करू नये.

बॅटरीची वायर काढून दिवा विझवणे हा उपाय नव्हे. त्याने संगणकाची स्मृती पुसली जाते, दोष तसाच राहतो आणि काही फेऱ्यांनंतर दिवा परत पेटतो. दुरुस्तीनंतर क्रमांक पुसून, थंड इंजिनापासून सुरुवात करून दोन-तीन दिवस गाडी चालवावी आणि पुन्हा एकदा स्कॅन करावे. तेव्हाही काही आढळले नाही, तरच दुरुस्ती झाली असे म्हणता येईल.

पावसाळ्यानंतर एकदा फ्यूज बॉक्सचे झाकण उघडून आतील ओल आणि हिरवट डाग पाहण्याची सवय लावून घ्यावी. झाकणाची रबरी कड फाटली असेल तर ती बदलावी. या कामाला दहा मिनिटे पुरतात आणि पुढचे हजारो रुपये वाचू शकतात.