मलबारातला ‘दिल्ली’ डोंगर

मुंबईहून नेत्रावती एक्स्प्रेसने निघावं आणि कासरगोड मागे पडून पय्यनूर आलं की उजव्या खिडकीशी बसावं. माडांच्या शेंड्यांवरून, खाडीच्या पलीकडे, एक डोंगर थेट समुद्रात उतरलेला दिसतो. उंची जेमतेम 286 मीटर. सह्याद्री चढलेला माणूस याला टेकडीच म्हणेल. पण आजूबाजूचा किनारा सखल, त्यामुळे शेकडो वर्षं गलबतांवरच्या तांडेलांनी याच्याच खुणेने मलबार ओळखला. कण्णूर जिल्ह्यातला हा एळिमला. जुन्या इंग्रजी नकाशांत तो ‘माउंट डेली’ आहे, आणि तिथल्या दीपगृहाचं नाव तर आजही ‘माउंट दिल्ली’!

राजधानीशी याचा काडीचा संबंध नाही. मार्को पोलोने ‘एली’ लिहिलं, इब्न बतूताने ‘हीली’. पोर्तुगीज म्हणत ‘मोन्ते द’एली’, म्हणजे एलीचा डोंगर. पुढे त्यातला ‘चा’ नावालाच चिकटून बसला आणि एलीची डेली झाली. 1498 साली वास्को द गामाला हिंदुस्थानची पहिली जमीन दिसली ती हीच, असं गास्पार कोरेया हा पोर्तुगीज बखरकार सांगतो.

पण मुळात ‘एली’ म्हणजे काय? इथे प्रत्येकाचं उत्तर वेगळं. मल्याळममध्ये ‘एळु’ म्हणजे सात. तेव्हा हा सात टेकड्यांचा डोंगर. संस्कृत माहात्म्यकाराने त्याचा ‘सप्तशैल’ करून टाकला. तमिळमध्ये ‘एळिल’ म्हणजे सौंदर्य, आणि संगम काव्यात इथल्या नन्नन राजाचा उल्लेख आहे. त्यामुळे देखणा डोंगर म्हणणारेही आहेत. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886 च्या कोशाने सातांचा हिशेब चुकीचा ठरवला आणि साधा अर्थ दिला : उंच डोंगर.

राहिला उंदीर. मल्याळममध्ये ‘एलि’ म्हणजे उंदीर, आणि इथल्या राजघराण्याचं नावच मूषक! अकराव्या शतकात अतुल कवीने त्यांच्यावर ‘मूषकवंश’ हे संस्कृत महाकाव्य रचलं. त्यात परशुरामाच्या कोपातून वाचलेली गरोदर राणी या डोंगराच्या आश्रयाला येते आणि तिच्या मुलापासून वंश सुरू होतो. मला वाटतं, डोंगराचं नाव आधीचं असावं; पंडितांनी त्याचा मूषक केला आणि राजांनीही तो दिमाखात मिरवला. गावाच्या नावाला मागाहून पुराण जोडायची हौस आपल्याला काय नवी आहे! इथे हनुमानाच्या हातून संजीवनीच्या पर्वताचा तुकडा पडला असंही सांगतात. उरणच्या द्रोणागिरीवर हेच ऐकायला मिळतं.

आज डोंगराचा बराचसा भाग नौदलाकडे आहे. 1987 साली राजीव गांधींनी इथे भारतीय नौदल अकादमीची कोनशिला बसवली. 8 जानेवारी 2009 रोजी मनमोहन सिंग यांनी तिचं उद्घाटन केलं. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत तीन वर्षं काढलेले नौदलाचे छात्र पुढच्या प्रशिक्षणाला इथेच येतात, त्यात मराठी मुलंही असतात. मल्याळममधला तो ‘ळ’सारखा उच्चार रोमन लिपीत ‘झेड-एच’ असा लिहितात. त्यामुळे घरी आई-बाबा शेजाऱ्यांना सांगतात, “मुलगा एझिमालाला आहे.”