बालकुमार वाङ्मयाची शिफारस : निकषांचा प्रश्न

बालकुमारांसाठी पुस्तके सुचविताना वयोगट आणि बोध हे दोनच निकष आपल्याकडे बहुधा वापरले जातात. ते अपुरे आहेत, कारण त्यांत पुस्तकाच्या निवेदनाचा विचार होत नाही.

चित्रपुस्तकात चित्रही निवेदन करीत असते. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या मालिकेत लेखन व चित्रे एकाच हातची आहेत. घरातील माणसे राधाच्या नजरेतून दिसतात. तिचे शब्द मोजके आहेत, उरलेले चित्र सांगते. अशा पुस्तकाची पारख करताना मजकूर झाकून केवळ चित्रे वाचून पाहावीत.

कादंबरीत कसोटी निवेदकाची असते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कुमारांसाठीच अवतरला. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) प्रौढ वाचकांनी उचलून धरली. तथापि आणीबाणीच्या काळातील नववीतला मुकुंद स्वतःच बोलतो आणि त्याच्या बोलण्यावर प्रौढाचे भाष्य लादले जात नाही. केवळ प्रेमविषयामुळे ती त्याच्या समवयस्कांच्या यादीतून वगळणे वाङ्मयीनदृष्ट्या समर्थनीय ठरत नाही.

तात्पर्य, शिफारस करणाऱ्या अध्यापकाने पुस्तकातून मूल काय शिकेल, याआधी त्यात मुलाला स्वतःचा आवाज आहे काय, हे तपासावे.