बाकी उरते ती कृष्णविवराची

देवगाव फाट्यावर रात्री एसटीची वर्दळ ओसरली की मी लॅपटॉप उघडतो आणि एकाच दीर्घिकेची तीन चित्रं शेजारी मांडतो: दृश्य प्रकाशातलं, अवरक्त आणि रेडिओ. रेडिओचं चित्र खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून नारायणगावजवळ उभ्या राहिलेल्या त्या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिने १५० मेगाहर्ट्झवर केलेलं आकाशाचं सर्वेक्षण कुणालाही मोफत पाहता येतं.

तिन्ही चित्रं लागतात ती लपलेलं कृष्णविवर शोधायला. तारे जन्मतात तिथे धूळ दाट असते. दीर्घिकेच्या मध्यभागी कृष्णविवर वायू गिळत असलं, तरी त्या वायूचा प्रकाश ती धूळ अडवते. रेडिओ लहरी मात्र आरपार येतात. पण त्या ताऱ्यांमुळेही निर्माण होतात, आणि खरं काम इथून सुरू होतं. नवे जड तारे धूळ तापवतात, ती अवरक्तात चमकते. पुढे तेच तारे फुटतात. स्फोटांत वेग घेतलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरत रेडिओ लहरी सोडतात. त्यामुळे तारे घडवणाऱ्या दीर्घिकांत या दोन्हींचं प्रमाण जवळपास ठरलेलं असतं. अवरक्तावरून ताऱ्यांचा वाटा काढायचा, मोजलेल्या रेडिओतून वजा करायचा. बाकी बरीच मोठी उरली, तर तिथे कृष्णविवर जागं असल्याचा संशय घ्यायचा.

घाई मात्र नडते. जीएमआरटीच्या सर्वेक्षणाच्या एका ठिपक्यात शेजारच्या दोन-तीन दीर्घिकाही मावतात; रेडिओ नेमका कुणाचा, हे दृश्य चित्रावर ठिपका बसवून पुन्हा पुन्हा ताडावं लागतं. फार दूरच्या, मंद दीर्घिका तर यात दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी संशोधक सुधारित जीएमआरटी एकाच तुकड्यावर तासन्‌तास रोखतात. कालेय तारकासमूहातलं एलाइस-एन१ हे असंच एक क्षेत्र. आणि बाकी शून्य आली म्हणून कृष्णविवर निजलेलं ठरत नाही. पुष्कळ सक्रिय कृष्णविवरं रेडिओत मंदच असतात. त्यांचा माग क्ष-किरणांत किंवा तप्त धुळीच्या मध्य-अवरक्त प्रकाशात काढावा लागतो. नुसत्या रेडिओवर निकाल देणं मला चुकीचं वाटतं.

डॉ. आनंद होता यांनी २०१३ साली सुरू केलेल्या ‘रॅड ॲट होम’ उपक्रमात सामान्य नागरिकांना अशी चित्रं वाचायला शिकवतात. सेलू-जिंतूरच्या कॉलेजांतल्या विज्ञानाच्या मुलामुलींनी त्यात जरूर उतरावं. त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागत नाही.