पडद्यावरील महाकाय राक्षस

१९८० नंतरच्या दशकांत दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ नांवाची एक जपानी मालिका दाखविली जात असे. आमच्या टिटवाळ्यास त्या काळीं ज्या थोड्या घरीं दूरचित्रवाणीचा संच होता, त्यांच्या खिडक्यांशीं मुलांची गर्दी जमे. मी तेव्हां नुकताच शिक्षक झालों होतों. एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, “गुरुजी, एवढा उंच राक्षस ते आणतात कोठून?” अभ्यासाकडे लक्ष दे, असें बजावून मीं त्याला गप्प बसविलें. उत्तर मला ठाऊक नव्हतें, हें खरें कारण! तें उत्तर आज देतों.

तो राक्षस म्हणजे रबराचा पोषाख चढविलेला माणूस. आणि तें नगर म्हणजे त्याच्या गुडघ्या-कमरेएवढीं नकली घरें. ही कला एइजी त्सुबुराया (१९०१–१९७०) यांनीं नांवारूपास आणली. १९५४ च्या ‘गॉडझिला’ चित्रपटांतील करामती त्यांच्याच. पुढें १९६६ सालीं त्यांच्या संस्थेनें ‘अल्ट्रामॅन’ ही ३९ भागांची मालिका काढली. तिचा नायक ४० मीटर उंच. परंतु पृथ्वीवर त्याचें बळ अवघीं ३ मिनिटें टिके. २६ भागांची ‘जायंट रोबॉट’ ही तिच्या पाठोपाठ, १९६७-६८ मधील.

परंतु केवळ पोषाखानें वजन कसें भासावें? दगड पहिल्या सेकंदांत सुमारें ४.९ मीटर पडतो. पंचवीसपट उंचीवरून, म्हणजे सुमारें १२२ मीटरांवरून पडण्यास मात्र त्याला पंचवीसपट नव्हे, तर पांचपट वेळ लागतो. कारण पडण्याचें अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. म्हणून २ मीटरांचा नट ५० मीटरांचा भासवावयाचा, तर सेकंदास २४ ऐवजीं १२० चित्रें घ्यावींत व तीं नेहमींच्या गतीनें दाखवावींत. मग घर सावकाश कोसळतें आणि पाऊल जड पडतें.

असे खेळ आपणांसहि परके नाहींत. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१९ सालीं ‘कालिया मर्दन’ चित्रपटांत आपली बालकन्या मंदाकिनी हिलाच कृष्ण करून महासर्पाशीं झुंजविलें होतें.

जपानी मालिकेचा नायकहि एक मुलगाच. मनगटावरील घड्याळांतून तो आज्ञा करी व यंत्रमानव ती पाळी. शेवटच्या भागांत शत्रूच्या देहांत अणुशक्ति भरलेली असते. त्याला येथें मारावें, तर पृथ्वीचाच नाश! यंत्रमानव त्यास उचलून अंतराळांत नेतो. मुलगा ‘परत ये’ म्हणून टाहो फोडतो; पण आजवर प्रत्येक शब्द झेलणारें तें यंत्र ऐकत नाहीं, आणि उल्केवर आदळून शत्रूसह नाहींसें होतें. १९४५ चा हिरोशिमाचा संहार सोसलेल्या देशानें, पुरतीं पंचवीस वर्षें लोटण्यापूर्वीं, मुलांना सांगितलेली ही गोष्ट आहे.

त्या विद्यार्थ्याच्या एका प्रश्नांत गुरुत्वाकर्षण, वर्गमूळ आणि इतिहास असे तीन धडे होते. ते मीं वायां घालविले. आपल्या घरचें मूल पडद्याकडे बोट दाखवून कांहीं विचारील, तेव्हां त्यास गप्प बसवूं नका. उत्तर ठाऊक नसल्यास तसें सांगावें, व दोघांनीं मिळून तें शोधावें.