कांदाचाळ : थांबण्याची वास्तू

आषाढ शुद्ध नवमीला आपल्याकडे कांदेनवमी म्हणतात. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरे त्या दिवशी भजी, थालीपीठ, झुणका असे कांद्याचे होतील तेवढे प्रकार करून घेतात आणि दोन दिवसांनी येणाऱ्या एकादशीपासून कांद्याला थेट कार्तिकीपर्यंत रजा देतात. नाशिक, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांतल्या कांदा पिकवणाऱ्या घरांत मात्र नेमक्या याच चार महिन्यांत कांद्यावाचून दुसरा विषय नसतो. उन्हाळ्यात काढलेला माल घराशेजारी बांबूच्या चाळीत पडलेला असतो. बाहेर पाऊस, हवेत दमटपणा. शेवटचा कांदा विकला जाईपर्यंत घरातल्या माणसांचे नाक त्या चाळीकडे लागलेले असते, कारण सडका कांदा दिसण्याआधी त्याचा वास येतो.

ही चाळ म्हणजे काय, ती तशीच का बांधतात आणि तिच्यात कांद्याखेरीज आणखी काय साठवले जाते, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी वेळापत्रक पाहू. महाराष्ट्रात कांदा वर्षातून तीनदा निघतो. खरिपाचा लाल ‘पोळ’ कांदा ऑक्टोबर ते डिसेंबरात, लेट खरिपाचा ‘रांगडा’ जानेवारी ते मार्चमध्ये आणि रब्बीचा, म्हणजे ‘उन्हाळी’ कांदा मार्चअखेरपासून मेपर्यंत. पहिल्या दोघांत पाणी जास्त आणि टिकाऊपणा कमी, त्यामुळे ते काढले की विकावेच लागतात. टिकतो तो उन्हाळी. देशातल्या एकूण उत्पादनाचा निम्म्याहून मोठा वाटा या एकाच हंगामाचा असतो. खाणाऱ्याची मागणी मात्र रोजची आहे. मे संपला की ऑक्टोबरात नवा लाल कांदा येईपर्यंत शेतातून जवळजवळ काही येत नाही. हे चार-पाच महिने देश जो कांदा खातो, तो चाळीतला.

आता प्रश्न असा, की इतकी मोठी जबाबदारी बांबू आणि कौलांच्या मांडवावर का? पक्की गोदामे का नाहीत?

याचे उत्तर कांद्याच्या स्वभावात आहे. गहू-ज्वारी साठवताना दाणा कोरडा असला की पुरते. कांदा काढल्यानंतरही जिवंत असतो. तो श्वास घेतो, उष्णता आणि ओलावा बाहेर टाकतो आणि योग्य हवा लागली की कोंब काढायच्या तयारीला लागतो. त्याला दोनच प्रकारची हवा मानवते. एक, शून्य ते २ अंशांची थंडी. दुसरी, २५ ते ३० अंशांची ऊब. दोन्हीकडे हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास हवी. मधल्या, म्हणजे आपल्याला सुखद वाटणाऱ्या १० ते २० अंशांत तो झपाट्याने कोंब धरतो. शीतगृहाचा मार्ग शास्त्राला मान्य आहे, पण वीज महाग, आणि थंडीतून बाहेर काढलेल्या कांद्याला उबेत दव सुटते, तो लवकर कोंब धरतो. लासलगावला २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र सुरू झाले. विकिरणाने कोंब थांबतो, सड आणि वजनातली घट थांबत नाही. म्हणजे विकिरण केलेला कांदाही कुठेतरी नीट ठेवावाच लागतो.

उरते ती ऊब आणि वारा. बंद सिमेंटच्या खोलीत कांद्याने सोडलेला ओलावा तिथेच कोंडतो आणि ढीग आतून तापतो. म्हणून चाळीच्या भिंती या भिंती नसतात. बांबूच्या पट्ट्या फटी राखून ठोकलेल्या असतात. तळ जमिनीपासून सुमारे २ फूट उचललेला आणि तोही फटींचा, म्हणजे वारा खालूनही शिरतो. कप्प्याची रुंदी ४ फुटांच्या आसपास आणि ढिगाची उंची ५ फुटांच्या आत ठेवतात. यापेक्षा रुंद केला तर मधल्या कांद्याला वारा पोचत नाही, उंच केला तर खालचा कांदा वरच्याच्या भाराने दबतो. ४० फूट लांबीच्या अशा दोन कप्प्यांत साधारण २५ टन माल मावतो. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधावी, दुपाखी पूर्व-पश्चिम, असा संकेत आहे. एका ओळीच्या चाळीची लांब बाजू पश्चिमेच्या वाऱ्याला सामोरी ठेवायची, तर दोन ओळींच्या चाळीत तो वारा मधल्या बोळातून वाहू द्यायचा, हा त्यामागचा विचार. छपराला मंगलोरी कौले किंवा सिमेंटचे पत्रे बरे. लोखंडी पत्रा मे महिन्यात तापतो, म्हणून त्यावर उसाचे पाचट अंथरतात. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पाख्या भिंतीबाहेर चांगल्या निघत्या ठेवतात.

तरीही चाळ चमत्कार करत नाही. तिच्यात जे टिकते, ते शेतातच ठरलेले असते. नत्राचा हप्ता उशिरा दिला, काढणीआधी पाणी तोडले नाही, तर मान जाड राहते आणि जाड मानेतून सड शिरते. काढल्यावर कांदा तीन-चार दिवस पातीखाली झाकून शेतात सुकवायचा. मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापायची. पुढे दहा-बारा दिवस सावलीत वाळवायचा. डेंगळे, जोड कांदे, चिंगळी, खरचटलेला माल वेगळा काढायचा. ही निवड बहुतेक बायकाच करतात, आणि चाळीचे आयुष्य त्यांच्या हातावर जेवढे अवलंबून असते तेवढे सुताराच्या हातावर नसते. वाणही पाहावा लागतो. पिंपळगाव बसवंतच्या मातीतून निवडलेला एन-२-४-१ किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचा भीमा शक्ती चाळीत टिकतो, खरिपाचा बसवंत ७८० टिकत नाही.

‘अर्धपक्की’ हा शब्द सरकारी कागदात कमीपणा दाखवायला येतो. कांदाचाळीच्या बाबतीत तो गुण आहे. ती वर्षातले सहा-सात महिने कांद्याची असते. उरलेल्या काळात तिच्यात कडबा, अवजारे, कधी शेळ्या असतात. दर वर्षी कुजलेला बांबू बदलतात, तळ झाडतात, बुरशीनाशक फवारतात. मागच्या वर्षीची काजळी पुढच्या मालाला लागू नये, म्हणून वास्तूचे काही भाग टाकून देता आले पाहिजेत. मुंबईच्या चाळी तात्पुरत्या आलेल्या गिरणी कामगारांसाठी बांधल्या आणि त्या पिढ्यान्‌पिढ्यांची घरे झाल्या. कांदाचाळीत राहायला येणाऱ्याने कायमचे राहू नये, अशीच तिची रचना आहे. ओळीने खोल्या, एवढे साम्य मात्र दोघींत आहे.

आता दुसऱ्या साठ्याकडे येऊ. एप्रिलमध्ये सगळ्यांचा कांदा एकदम निघतो आणि भाव पडतो. ज्याला चाळ नाही त्याला त्याच भावाला विकावे लागते. ज्याला आहे तो म्हणू शकतो, ‘आज नाही.’ हा नकार देण्याचा अधिकार चाळीत साठवलेला असतो. राज्याच्या पणन मंडळाच्या योजनेत चाळीसाठी बरीच वर्षे टनामागे ३,५०० रुपये अनुदान होते, २५ टनांपर्यंत. म्हणजे जास्तीत जास्त ८७,५०० रुपये. शेतमालाच्या भावाबद्दल इतकी भाषणे होतात, त्यांत थांबण्याची ताकद इतक्या कमी खर्चात देणारी दुसरी वास्तू मला दिसलेली नाही.

पण थांबणे फुकट नसते. समजा एप्रिलमध्ये १०० क्विंटल कांद्याला क्विंटलमागे १,००० रुपये मिळत होते. हाती १ लाख आले असते. तो माल चाळीत घातला. मे-जूनमध्ये वजन सुकून घटले, जुलै-ऑगस्टात काही सडला, सप्टेंबरात हवा उतरल्यावर काहींना कोंब आले. ही घट ३० टक्के धरली तर ती चाळीच्या दृष्टीने वाईट नाही. उरले ७० क्विंटल. तेच १ लाख मिळायला आता क्विंटलला सुमारे १,४३० रुपये हवेत. व्याज, मजुरी, पुन्हा निवडण्याचा खर्च वेगळाच. त्यातून जूनमध्ये बियाणे, खत आणि मुलांच्या फीचा खर्च एकदम येतो, म्हणून लहान शेतकरी अर्धी चाळ तेव्हाच रिकामी करतो. पूर्ण हंगाम थांबणे त्यालाच जमते, ज्याचे घर दुसऱ्या कशावर चालते.

आणि पावसाहून मोठा धोका दिल्लीतून येतो. १९९८ साली कांद्याचे भाव भडकले आणि त्यानंतरच्या निवडणुकीत दिल्लीचे राज्य सरकार गेले. तो धडा प्रत्येक पक्षाच्या लक्षात राहिला. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. महिना पाहा : चाळीतला माल चार महिने जुना, घट सोसून झालेली, भाव चढू लागण्याची वेळ. त्याच वर्षी ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. ती मे २०२४ मध्ये उठली ती किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह. पुढे शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते गेले. शहरातल्या गिऱ्हाइकाला स्वस्त कांदा हवा, हे खरेच आहे, आणि ते गिऱ्हाईकही पुष्कळदा गरीबच असते. पण हा निर्णय ऑगस्टात घेतला तर त्याचा बोजा कोणावर पडतो, हे चाळ सांगते. एप्रिलमध्ये विकून मोकळा झालेला सुटतो. सरकारनेच अनुदान देऊन ज्याला थांबायला शिकवले, तो सापडतो.

गंमत म्हणजे नाफेडमार्फत सरकार भाव आवरण्यासाठी जो राखीव साठा करते, तोही बराचसा अशाच चाळींत ठेवलेला असतो. बांबूच्या त्याच फटींतून एकाच वाऱ्यावर दोन साठे टिकतात, एक भाव चढण्याची वाट पाहणारा, दुसरा भाव चढू न देणारा. निर्यातीचे धोरण किमान पेरणीआधी जाहीर झाले आणि चाळी रिकाम्या होईपर्यंत बदलले नाही, तर चाळीवर खर्च करणाऱ्याला निदान पावसाचाच हिशेब करावा लागेल. चाळ वाऱ्यासाठी बांधलेली आहे. हुकूम कधी फिरेल याची तजवीज तिच्या नकाशात नाही.